शोनागला कोण द्यायचा?

"पुन्हा एकदा घेऊ या का?" ग्लासगोहून आलेल्या यूअनने हेडफोन उतरवत विचारलं. "शेवटी कोरसमधला एक आवाज गळाला."

गळणारच! लांब टेबलाभोवतीच्या बायकांनी ओलं लोकरी कापड हातातून टाकलं होतं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

कापड आटावं म्हणून टेबलावर आपटता आपटता म्हणायची ही गाणी. आता कापड गिरणीतून तयार येतं. पण स्कॉटलंडच्या उइस्ट बेटावरच्या जुन्या गाण्यांचा अल्बम करायचा, म्हणून यूअनने खरं ओलं कापडच हवं असा हट्ट धरला. तो धप धप आवाज ऐकला की परमुलखातल्या माणसाचेही पाय हलतात म्हणे. शेवटचं गाणं चेष्टेचं. 'शोनागला कोण द्यायचा?' असं बायकांनी विचारायचं, बिनलग्नाच्या शोनागने एका पुरुषाचं नाव घ्यायचं, आणि सगळ्यांनी 'दिला, तुला दिला' म्हणत तो तिच्या गळ्यात बांधायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली शोनाग टकल्या पोस्टमनचं नाव घेणार होती. तसं ठरलंच होतं. पण हात तालात, डोळे मिटलेले, आणि तोंडून निघून गेलं, "लॅखलन!"

लॅखलन म्हणजे तिच्या शेजारीच बसलेल्या धाकट्या बहिणीचा, एफीचा नवरा. गेल्या हिवाळ्यात वारलेला.

माझी जीभ का झडली नाही, असं शोनागला झालं. ग्लासगोवाल्यांना बेटावरची गेलिक भाषा कळणार नाही, पण बेटावर तर घराघरांत हा अल्बम वाजणार. जन्मभर पोटात ठेवलं ते असं चव्हाट्यावर!

"घे बाबा परत," ती घाईघाईने म्हणाली. "आता पोस्टमन म्हणते."

"एका कापडावर एक गाणं दोनदा म्हणत नाहीत," एफी म्हणाली. "अपशकुन होतो."

"होऊ दे! माझ्या डोक्यावर होऊ दे."

"आणि मला काय आज कळलं वाटतं?" एफी फणकारली. "माझ्या लग्नात रात्रभर गात होतीस. सगळी गाणी म्हटलीस, हे एक सोडून. मी काय बहिरी होते?"

शोनागला रडूच फुटलं. "एफे, तुझ्या घरात मी कधी वावगं..."

"ठाऊक आहे गं! म्हणून तर दर रविवारी तुझ्या हातचं ते अळणी सूप मुकाट्यानं गिळलं."

एकदोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. यूअन बिचारा बावचळून उभा. "मग... करू काय मी?"

"गाणं पुन्हा नाही," एफी म्हणाली. "पण कोरसमधलं माझं उत्तर द्यायचं राहिलंय. तेवढं घे, पोरा."

तिने बाहीला नाक पुसलं, कापडाचं एक टोक शोनागच्या हातात कोंबलं आणि दुसरं स्वतः धरलं. बाकीच्या बायकांनी हात आवरून घेतले. दोघींनीच कापड आपटायला सुरुवात केली. एफीचा आवाज चिरकला, पण थांबला नाही.

"दिला, शोनाग, तुला दिला."

यूअनने मशीन बंद केलं, तरी दोघी बहिणी कापड आपटतच होत्या.