ध्यान लावणारं मशीन

येरमाळ्याच्या हायवेलगतच्या खवा कारखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात चौरंगावर एक मशीन बसलं होतं, हळदकुंकू लावलेलं, गळ्यात झेंडूचा हार. पानटपरीवरच्या फ्रीजएवढं धूड, वर कॅमेरा, पुढं पडदा आणि नाव ‘दिव्यदृष्टी’. गवळी, पेढेवाले, भट्टीवाले चपला बाहेर काढून आत येत होते. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याने काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. एका म्हाताऱ्याने तर नातवाचं डोकं मशीनपुढं टेकवलं.

मालकाचे चिरंजीव गौरीशंकर साहेब माइक धरून उभे होते. पुण्यात दोन वर्षं काढल्यापासून त्यांना माणसं फार महाग वाटू लागली होती.

“हे मशीन नुसतं बघत नाही, ध्यान लावतं,” ते म्हणाले. “माणूस थकतो, रजा मागतो, म्हातारा होतो. हे काहीच मागत नाही.”

खव्याचा गोळा अंगठ्याने दाबून कॅमेऱ्यापुढं ठेवला की पडद्यावर अर्धा मिनिट चक्र फिरे. साहेब डोळे मिटून घेत, लोकही मिटत. मग मशीनमधून गोड बायकी आवाज येई, उत्तम, मध्यम किंवा भेसळ, आणि भेसळ असली की कधी वर ‘माल परत पाठवा’ असंही. तीन महिन्यांत त्याचा निकाल एकदाही चुकला नव्हता. म्हणूनच बाजूच्या टेबलावर नऊ नारळ आणि नऊ शाली मांडल्या होत्या. खवा पारखणाऱ्या उरलेल्या नऊ जणांना आज निरोप द्यायचा होता. त्या नवांत मदिनाबी होती. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेवटच्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन उमाबाई उभी होती. बावीस वर्षं तिने इथंच खवा पारखला होता, चिमटीत धरून, तळहातावर रगडून, नाकाशी नेऊन. मशीन आलं तेव्हा पहिल्या पाचांत तिलाही काढलं होतं. “काकू, हातांचा काय तोटा आहे? एक गेला की दुसरा मिळतो,” असं साहेबांनी तिला हसत सांगितलं होतं. ते हसू ती विसरली नव्हती.

पहिला गोळा ठेवला गेला. चक्र फिरू लागलं. तेवढ्यात मागून उमाबाईचा आवाज आला, “मध्यम.”

माना वळल्या. पाठोपाठ मशीन बोललं, “मध्यम.”

दुसरा गोळा आला. उमाबाईने आधी सांगितलं, मशीनने मागून. तिसऱ्याला ती म्हणाली, “भेसळ. पिठूळ हाय.” मशीनने पिठाचं काही काढलं नाही, पण भेसळ मात्र म्हणालं.

मांडवात कुजबुज उठली आणि झालं भलतंच. “येडाई देवी अंगात आली!” कुणीतरी ओरडलं. एका बाईने उमाबाईच्या कपाळी कुंकू फासलं, दुसरीने पाय धरून लेकाचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मघाशी मशीनपुढं वाकलेलीच ही डोकी आता इकडं वाकत होती. डोकं वापरायचं सोडून टेकवायचं ठरवलं की जागा कुठलीही चालते. साहेबांनाही ते सोयीचं वाटलं. त्यांनी लगेच माइकवरून जाहीर केलं की देवीनेच मशीनला कौल दिला आहे.

उमाबाईचा संताप मस्तकात गेला. तिने पाय सोडवून घेतला आणि पदराखालचा मोबाईल वर धरला.

“देवी न्हाय न् बिवी न्हाय. ह्यो माझ्या लेकीचा मोबाईल हाय. तुमचं मशीन खव्याचा फोटू हितं धाडतंय अन् म्या बटन दाबते. ध्यान लावते ती म्या.”

मग तिने सगळं सांगितलं. तिची लेक शिवप्रिया घरबसल्या कुठल्याशा कंपनीसाठी मोबाईलवर येणारे फोटो बघून खुणा करायचं काम करी. खव्याचे फोटो येऊ लागले तेव्हा तिने आईला विचारलं. आई म्हणाली, अंगठ्याने दाबल्याशिवाय तूप सुटतं का ते कसं कळणार? लेकीने तसं कंपनीला कळवलं आणि तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक गोळा दाबलेला येऊ लागला. तेव्हापासून लसूण सोलता सोलता उमाबाई निकाल देत होती. कुणाचा खवा, कुठला कारखाना, तिला पत्ता नव्हता. काल एका फोटोत चुकून अंगठाही आला. नख मधोमध चिरलेलं. कढईच्या काठाने मदिनाबीचं ते नख चिरलं तेव्हा चिंधी उमाबाईनेच बांधली होती, म्हणून खवा इथलाच हे तिने ओळखलं.

“हे तर ट्रेनिंग आहे,” साहेब चाचरले. “मशीन शिकतंय.”

“मग तुमीच हुबं ऱ्हावा कॅमेऱ्याम्होरं. बघू काय शिकलंय.”

साहेब मागं सरकायला गेले, पण पेढेवाल्यांनी त्यांना दंडाला धरून पुढं केलं. चक्र फिरलं. या वेळी डोळे कुणीच मिटले नाहीत. सगळे उमाबाईच्या बोटाकडं बघत होते. तिने बटण दाबलं.

“भेसळ,” मशीन गोड आवाजात म्हणालं. “माल परत पाठवा.”

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. साहेबांच्या कपाळावरचा टिळा घामाने नाकावर उतरला, तरी पुसायला कुणी रुमाल दिला नाही.

“हसताय काय?” उमाबाई लोकांवर उखडली. “मघा तुमीच चपला काढल्या. हात जोडायच्या आदी मागं कुणाचा हात हाय, त्यो बघत जावा.”

लोक खाली मान घालून चपला शोधू लागले. नवांना उद्यापासून कामावर या म्हणून सांगण्यात आलं. उमाबाईला कुणी काहीच सांगितलं नाही.

मदिनाबी तिच्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही.

“तुझं बरोबर यायचं म्हणून तर आमाला काढत होते, उमा. तीन म्हैन्यात एकदा तरी चुकायचं व्हतं.”

उमाबाईने मोबाईल पुन्हा पदराखाली सारला. खराब खव्याला चांगला म्हणणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, आणि साहेबांचं सगळं दुकान तेवढ्यावरच चाललं होतं.