हटणार नाही मी इथून

मित्रांनो, मला जुनी म्हणा, ओरखडलेली म्हणा. शोभेची वस्तू मात्र म्हणू नका. मी गाण्याची तबकडी आहे आणि वाजणे हेच माझे काम आहे.

माझे गाणे रचणारा एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवत असे. मंचावर तो कधी तोंड उघडत नसे, म्हणून सोबती त्याला ‘मुका’ म्हणत. पुढे बँड फुटला आणि मुक्याने स्वतःचे पहिले गाणे बांधले.

रेकॉर्ड कंपनीचे साहेब म्हणाले, “गिटार तुझी, गळा दुसऱ्याचा घेऊ.”

“गळा माझाच. नाहीतर गिटारही घरी चालली!”

ध्वनिमुद्रणात ‘हटणार नाही मी इथून’ या ओळीवर त्याचा आवाज चिरकला. काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, “फाटला रे, मुक्या. पुन्हा घेऊ या.”

“फाटू दे. ही ओळ गुळगुळीत गळ्यानं म्हणायचीच नाही.”

मग तापलेल्या काळ्या प्लॅस्टिकचे गोळे साच्यांत दाबून आम्हा तबकड्यांना घडवले. गाणे तुफान गाजले. गॅरेजांत, केशकर्तनालयांत लोक त्याच ओळीवर मुद्दाम आवाज फाडू लागले. मी मुक्याच्या घरी आले. त्याची चिमुरडी लेक सुई उचलून धपकन त्याच ओळीवर ठेवी. माझ्या अंगावरचा खोल ओरखडा तिचाच.

वर्षे सरली. मुक्याची बोटे आखडली, गिटार भिंतीवर टांगली गेली आणि तो पुन्हा अबोल झाला. मी कपाटावर धूळ खात राहिले. एके दिवशी लेकीने चौकटवाल्याला घरी बोलावले. तो काच आणि डिंक घेऊन आला. मला चौकटीत चिकटवून काचेआड कायमचे गप्प करायचा बेत होता.

“बाबा, छान दिसेल भिंतीवर,” लेक म्हणाली.

“भिंतीवर एक मुकी आहे, तेवढी पुरे. हिला डिंक लावणार असशील, तर आधी मला चिकटव!”

“अहो बाबा, पण ती वाजते तरी का आता?”

“लावून बघ.”

सुई टेकली. मी जीव तोडून वाजले. पण नेमक्या त्या ओळीवर सुई ओरखड्यात अडखळली आणि पुढे उडाली. त्याच क्षणी म्हातारा मुका खुर्चीतून गरजला, “हटणार नाही मी इथून!” आवाज तिथेच फाटला, जिथे पूर्वी फाटला होता. चौकटवाल्याने डिंकाच्या बाटलीचे झाकण लावले. लेकीने सुई उचलली आणि या वेळी अलगद, त्या ओळीच्या थोडी मागे ठेवली.

मित्रांनो, मला जरूर जपा. धूळ पुसा, कडेने धरा, आणि वाजवा. झिजायला मी घाबरत नाही. सुई उडालीच, तर तेवढी ओळ तुम्ही म्हणा.