पाण्याच्या वाटेतला वारा

मी एक जुना पितळी स्क्रू आहे. मित्रांनो, मी असेन अंगठ्याच्या नखाएवढा. इंदूरजवळच्या देपालपूर गावातल्या श्रीरामकाकांच्या मोटारीत, इंजिनाच्या माथ्यावर, पाण्याच्या वाटेतल्या सगळ्यांत उंच जागी मला बसवलं आहे. इंजिनाच्या पोटात आग असते. तिच्याभोवती पाणी फिरतं, म्हणून गाडी चालते. त्या पाण्यात हवा अडकली की फिरणं थांबतं आणि आग मात्र धगधगत राहते. हवा वर चढते, माझ्या पायाशी येऊन बसते. मला कुणी सैल केलं, तर ती निघून जाते. एवढंच माझं काम.

माझ्या चांगल्या दिवसांत शाम मिस्त्री होते. गाडीचं पाणी बदललं की ते गाडीचं तोंड चढावर करत, हीटर पूर्ण चालू करत आणि मला अर्धा फेरा सैल करत. हीटर चालू केला, की त्याच्या नळ्यांत लपलेली हवासुद्धा पाण्याबरोबर बाहेर येते. आधी फुसफुस, मग बुडबुडे, मग पाण्याची अखंड धार. "छोटा आहे, पण पूर्ण गाडीची नाडी याच्या हातात आहे," असं म्हणत ते मला फडक्याने पुसायचे. पुढे मिस्त्रींचे हात थरथरू लागले, त्यांनी काम सोडलं. माझ्यावर तेलाचा काळा थर चढला. मी आहे, हेच लोक विसरले.

मग आला यंदाचा मे महिना.

काकांच्या बायकोच्या, शोभनाकाकूंच्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डावा डोळा कधीच गेलेला. म्हणजे जगाकडे उघडणारी ती एकच खिडकी. सकाळी इंदूरला ऑपरेशन सुरू होतं, तेवढ्यात काकांनी गाडी राजेंद्र नगरच्या एका गॅरेजात नेली. पाण्याची नळी चिरली होती. अंकुर नावाच्या मेकॅनिकने नवी नळी लावली, पाणी भरलं आणि म्हणाला, "काकाजी, दहा मिनिट हीटर फुल ठेवावा लागेल. हवा फसली असेल तर निकळून जाईल."

"बेचाळीस डिग्रीत हीटर? अरे भिया, मला काय भुट्ट्यासारखं भाजायचंय का?"

"नियम आहे, काकाजी."

"पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी. लाव झाकण."

वडीलधाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? अंकुरने पाण्याच्या टाकीचं झाकण लावलं. माझ्या पायाशी हवेचा एक गोळा अंग चोरून बसला. मी ओरडलो असतो, पण माझं तोंड घट्ट आवळलेलं.

पाण्याच्या गं वाटेत, वारा बसला दडून
सांगू कसं कुणाला, ओठ गेले गं जडून

दुपारी काकूंना घेऊन गाडी निघाली. उजव्या डोळ्यावर पट्टी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायची होती. "डोळ्याला धूळ, पाणी, वाफ काही लागू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. शहर मागे पडलं आणि डॅशबोर्डच्या मागे गुडगुड सुरू झाली.

"अहो, हिच्या पोटात काय चाललंय?" काकूंनी विचारलं.

"काल पोह्यांवर जिरावण मसाला जास्त पडला असेल!" काका हसले.

काकू हसल्या नाहीत.

माझ्या शेजारी एक सेन्सर राहतो. तो पाण्याची उष्णता मोजतो आणि समोरच्या काट्याला सांगतो. पण त्या दिवशी त्याच्याभोवती पाणीच नव्हतं, होता तो हवेचा गोळा. बिचारा काय सांगणार? खाली लोखंड तापून पाणी खदखदत होतं आणि वर काटा गार झोपला होता.

कापणी झालेल्या रिकाम्या शेतांपाशी गाडीची ओढ संपली. गोडसर, करपट वास आला. काकांनी बॉनेट उघडलं. बंद गाडीत एकटीने अंधारात बसवेना, म्हणून काकू चाचपडत खाली उतरल्या आणि काकांच्या आवाजाच्या रोखाने येऊन त्यांच्या खांद्याशी वाकल्या. त्यांचा चेहरा झाकणापासून हातभर अंतरावर.

काकांनी झाकणावर नॅपकिन टाकला.

"अहो, थांबा. हे उकळतंय."

"काटा तळाशी आहे. पाणी कमी झालंय, बस. तुला दिसतंय का काही?"

बोलून गेले आणि वरमले. पण हात थांबला नाही.

"दिसत नाही, म्हणून तर ऐकतेय," काकू म्हणाल्या. "डाळ अशीच वाजते, उतू जायच्या आधी."

झाकण अर्धं फिरलं होतं. आतून एक बारीक शीळ आली. त्या क्षणी काकांना कळलं. त्यांनी डाव्या हाताने काकूंना मागे ढकललं. काकू रस्त्याकडेच्या मातीत बसल्या आणि वाफेचा पांढरा लोळ काकांच्या उजव्या हातावरून, कोपरापर्यंत गेला.

"माझा डोळा ठीक आहे," काकू मातीतूनच ओरडल्या. "तुम्ही? तुम्ही बोला ना काही!"

बाटलीतलं सगळं पाणी काकूंनी हातानेच अंदाज घेत त्यांच्या हातावर ओतलं. काकांचा फोन ऐकून शाम मिस्त्री देपालपूरहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले. आधी ते काकांच्या हातावर रागावले, मग काकांवर. "दवाखान्यात जा म्हटलं तर जाणार नाही हा माणूस, बाईला सोडून!" त्यांनी तासभर इंजिनाला कुणाला शिवू दिलं नाही. मग गाडी शेताच्या चढावर लावली, हळूहळू पाणी भरलं आणि काळा थर पुसून मला शोधलं.

"काकाजी, हीटर," मिस्त्री म्हणाले.

काका आत बसले. भाजलेल्या हाताने त्यांनी हीटरचा खटका शेवटपर्यंत फिरवला आणि त्या तापल्या वाऱ्यात, डोळ्यांत पाणी आणून, बसून राहिले. मिस्त्रींच्या थरथरत्या बोटांनी मला सैल केलं. लांब सुस्कारा टाकून हवा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. काकूंना नव्या उजेडात पहिलं दिसलं ते काकांच्या हातावरचं बँडेज. पुष्कळ वेळ त्या दुसरीकडे बघेचनात.

मित्रांनो, मी पुन्हा माझ्या जागी आहे. पण त्या दिवसापासून इंजिन पूर्वीसारखं राहिलं नाही. रोज थोडं पाणी कमी होतं, कुठे जातं ते कुणालाच सापडत नाही, आणि हवा पुन्हा एकेका बुडबुड्याने वर चढते आहे. म्हणून सांगतो: तापल्या गाडीच्या झाकणाला हात लावू नका, काटा काहीही सांगो. पाणी बदललं, तर घाम येईल तेवढा येऊ द्या, पण हवा बाहेर काढा. आणि तुमच्या घरच्या गाडीत माझा भाऊबंद कुठे बसला आहे, ते मोठ्यांना आजच विचारून ठेवा. वाफ कुणाचं वय बघत नाही.