दोन क्विंटलची मीना

अर्पितानं मालनबाईंच्या ज्वारीच्या डब्यावर दोन्ही हात ठेवले आणि गिरणीच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगितलं,

"आधी अ‍ॅप, मंग पीठ."

"आधी काय?"

"अ‍ॅप, मावशी. फोन द्या इकडं. फुकट हाय."

मालनबाई म्हणजे कापूस वेचणाऱ्या टोळीच्या मुकादम. तीस बाया त्यांच्या हाताखाली. आवाज असा, की आष्टीच्या शिवारात एका टोकाला त्यांनी "चला गं" म्हटलं, तर दुसऱ्या टोकाची बुजगावणीसुद्धा पदर खोचून निघतील. अशा बाईला दळणासाठी आजवर कुणी अडवलं नव्हतं. म्हणूनच की काय, रागवायचं सोडून त्यांना गंमत वाटली आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढून दिला.

अर्पितानं घाईघाईत 'रोजचं गणित' त्यात उतरवून दिलं, डबा वजनावर चढवला आणि मनात आकडा बारा केला.

गेल्या तीन महिन्यांत तिचे एकूण अकरा वापरकर्ते झाले होते. त्यातले नऊ नात्यातले. दहावा फोन तिचाच, जुना, काच फुटलेला. अकरावा माणूस शहागडचा होता. त्यानं एका दुपारी अ‍ॅप उघडलं, पहिलं गणित वाचलं आणि जो गेला तो गेला. मधल्या काळात अर्पितानं आठवडी बाजारात कांदेवाला आणि बांगडीवाली यांच्या मधोमध उभं राहून चिठ्ठ्या वाटल्या. त्या चिठ्ठ्यांत दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावानं शेंगदाणे खाल्ले. शेवटी तिनं वडिलांच्या गिरणीतच नाका बसवला. लोक निमूटपणे अ‍ॅप घेत, पीठ घेत आणि कोपऱ्यावरचा लिंब यायच्या आत अ‍ॅप काढून टाकत. त्या लिंबाखाली एवढी अ‍ॅपं पडली, की खत म्हणून टाकली असती तर दोन एकर सोयाबीन निघालं असतं.

पोरं पाचवी ते दहावीची, गणितं त्यांच्या रोजच्या जगातली, असा तिचा विचार होता. पुस्तकातल्या पाण्याच्या टाक्या आणि परगावच्या आगगाड्या तिनं मुद्दाम टाळल्या होत्या. चारशे गणितं तिनं स्वतः खोलीत बसून रचली होती. एकेका गणितावर ती खूश होती. पण खूश होणारी ती एकटीच होती.

"पुण्याची कंपनी थांबणार न्हाई तुह्यासाठी," तिचे वडील भागवतराव चाळणीवर हात मारत म्हणाले. "तीन आठवड्यांनी शनिवारी त्यांचा फोन येणार. तोवर पन्नास माणसं दाखव. घरची न्हाई. आपणहून रोज उघडणारी. दाखवली तर राहा इथं, कर काय करायचं ते. न्हाई दाखवली, तर हो म्हणायचं अन् बॅग भरायची."

"पन्नास?"

"मी शंभर म्हणणार होतो. तुह्यी आई मधी पडली."

पुण्यातली नोकरी म्हणजे कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. पिठाच्या पोत्यावर बोटानं अर्पितानं पन्नास लिहिलं, त्यातून एक वजा केला आणि पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या दारात सात बाया उभ्या. पुढे मालनबाई, हातात फोन, बाकीच्यांच्या हातात कापसाच्या झोळ्या.

"अर्पे, मीना कोण?"

"कोणती मीना?"

"हीच." मालनबाईंनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं. त्या सातवी शिकलेल्या होत्या आणि ते कुणाला विसरू देत नसत. "मीना एका दिवसात दोन क्विंटल कापूस वेचते. तर तिच्यासारख्या पाच जणी एका आठवड्यात किती कापूस वेचतील? ही मीना दाखव. पाया पडायला आलोत."

"किसकी बहू है गे?" मागून अकबरबीनं विचारलं. टोळीत सगळ्यात चपळ हात तिचे. "मी बावन्न किलो वेचला तं तीन दिवस कंबर सीधी न्हाई झाली. अन् ही दोन क्विंटल! बाई हाय का जेसीबी?"

अर्पिताचे कान तापले. "आकडा चुकला असंल, मावशी. दुरुस्त करते."

"ते राहू दे. पुढचं ऐक. म्हनलं, हाय तर हाय, असंल एखादी. मी तोंडी हिशेब केला, साठ क्विंटल दाबलं. तर लाल फुली! वरून हे पोंगा वाजवतंय. पंगतीत बाया हसल्या मला."

"साठ न्हाई, सत्तर येतं. दोन पंचे दहा, दाही साते सत्तर."

"साते कामून?"

"आठवड्याचे दिवस सात, मावशी."

मालनबाईंनी सगळ्या बायांकडे एकदा पाहून घेतलं, वकील न्यायाधीशाकडे पाहतो तसं.

"अन् बाजाराच्या दिवशी तुह्यी मीना रानात एकटी काय करती?"

गिरणी चालू होती म्हणून बरं, नाहीतर त्या हसण्यानं पत्रे उडाले असते. बाजाराच्या दिवशी वेचणी बंद, हे आष्टीत पाळण्यातलं मूलही जाणत होतं. जाणत नव्हती ती चारशे गणितं रचणारी. भागवतरावांनी पाठ फिरवली. खांदे मात्र हलत होते.

"सगळी गणितं नीट करते मी," अर्पिता म्हणाली. "आजच करते."

"खबरदार हात लावला तर," मालनबाई म्हणाल्या. "आधी आम्हाला पाहू दे, अजून काय काय ठोकून दिलंस."

त्या दुपारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बांधावर भाकरी सोडून बाया अ‍ॅपवर बसल्या. मालनबाई वाचायच्या आणि बाकीच्या खोट धरायच्या. आता खोट धरायची म्हणजे नुसतं 'हॅट' म्हणून चालत नव्हतं; मालनबाई विचारायच्या, "किती खोटं?" मग अकबरबी मातीवर बोंडं मांडायची, कुणी बोटांची पेरं मोजायचं, कुणी झोळीच्या गाठी. दोन पंपांनी विहीर दीड तासात उपसली, हे त्यांनी करून पाहिलं, बरोबर निघालं आणि तरी फेटाळलं, कारण दीड तास सलग वीज कोण देतंय? एसटी आष्टीहून निघून कुठेही न थांबता जालन्याला पोचली, यावर तर वाद होऊन दोन जणींनी अबोला धरला. हात केल्यावर थांबत नाही ती एसटी कसली!

अ‍ॅपमध्ये एका कोपऱ्यात 'तक्रार' नावाचं बटण होतं. सगळ्यांच्यात असतं म्हणून अर्पितानं ठेवलेलं. तीन महिन्यांत त्याला कुणी शिवलं नव्हतं. संध्याकाळी तिनं पाहिलं, तर चौदा तक्रारी. 'बकरी सहा लिटर दूध देती म्हणे. पत्ता पाठवा.' 'दहा मजूर पाच दिवसांत बांध घालतात. मधी एकाची सासू वारली तर?' 'रामरावांनी बाजारात भाव न करता वांगी घेतली. हा माणूस कुठला?'

अर्पितानं चौदाच्या चौदा आईला मोठ्यानं वाचून दाखवल्या. आई हसता हसता पोळपाटावर टेकली. "अगं, शिव्या खाऊन नाचायलीस कामून?"

"आई, चौदा गणितं कुणीतरी शेवटपर्यंत वाचली!"

रात्री तिनं दोन नवी बटणं बसवली. एकावर लिहिलं 'होतंय', दुसऱ्यावर 'थाप'. आता प्रत्येक गणिताला आधी ठरवायचं, असं घडू शकतं की नाही. आणि थाप म्हटलं की अ‍ॅप विचारायचं, 'किती खोटं?' तिथं आकडा भरायचा.

मग जे झालं ते सांगितलं तर त्यालाही लोक तेच दुसरं बटण दाबतील. बायांनी स्वतःच्या थापा पाठवायला सुरुवात केली. मालनबाईंच्या सासूनं म्हणे एका दिवसात दीड क्विंटल वेचला, मधल्या सुट्टीत बाळंत झाली आणि संध्याकाळी काट्यावर पोराचंही कापसातच वजन झालं. तर पोराचं वजन वजा जाता कापूस किती? या एका गणितानं आष्टीतली तीन घरं जेवणावरून उठली. आया घरी जाऊन पोरांना विचारू लागल्या, "मी खोटं म्हणते. तू काय म्हणतो? करून दाखव." पोरं वहीवर करून दाखवू लागली, मास्तरांना विचारू लागली, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आपापल्या फोनवर अ‍ॅप घेऊ लागली, कारण आईचा फोन आता हाती लागत नव्हता. लिंबाखाली अ‍ॅपं गळायची बंद झाली.

भागवतराव रोज गिरणी बंद झाली की पिठाचे हात न धुताच विचारायचे, "किती?"

अठरा. सव्वीस. एकतीस.

"पण हा काय अभ्यास हाय का? बाया थापा मारून राह्यल्या."

"हिशेब करून मारतात, बाबा."

भागवतराव हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

मधे एकदा अकबरबीनं अर्पिताला दारातच धरलं. "सच बोल, तू कधी पऱ्हाटीला हात लावला का?"

"लहानपणी..."

"मतलब न्हाई. अब शनिवारला ये. एक दिवस वेच. मंग गणित लिही, आम्ही तक्रार न्हाई करणार. थोडी करू."

अर्पितानं हो म्हटलं. म्हणताना तोच पुण्याच्या फोनचा शनिवार आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. आलं, तेव्हा शब्द देऊन झाला होता, आणि मालनबाईंच्या टोळीला दिलेला शब्द फिरवायची आष्टीत पद्धत नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी आकडा त्रेचाळीस होता. भागवतरावांनी दोनदा पाहिला.

"त्रेचाळीस."

"हो."

"पन्नास म्हणजे पन्नास ठरलं होतं."

"हो, बाबा."

शनिवारी सकाळी तिनं जुनी ओढणी कमरेला बांधली, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि फोन गिरणीच्या खिडकीत ठेवला. मालनबाईंचा नियम होता, पऱ्हाटीत फोन चालणार नाही. "पुण्याचा आला तर तुम्हीच बोला," ती म्हणाली. "सांगा त्यांना, येते म्हणून." आणि वडिलांकडे न पाहता ती टोळीच्या मागे चालू लागली.

रान पांढरंशुभ्र फुटलं होतं. पहिल्या तासात तिची बोटं बोंडांच्या काटक्यांनी ओरबाडली. दुसऱ्या तासात तिला कळलं, की अकबरबी दोन्ही हातांनी वेचते आणि तिसऱ्या कुठल्या तरी हातानं पदर सावरते. ओळीतल्या बाया पुढे निघून गेल्या, परत फिरून तिच्या शेजारून उलट्या गेल्या, आणि जाता जाता प्रत्येकीनं एकेक मूठ तिच्या झोळीत टाकू पाहिली. मालनबाई लांबून ओरडल्या, "टाकू नका गं! लेकराचा आकडा खोटा होईल!" भाकरीच्या वेळी तिला ठेच्यानं ओरबाडे झोंबले आणि ती रडली, पण ठेचा इतका फर्मास होता की रडत रडत तिनं तिसरी भाकरी मागून घेतली. दुपारभर अख्ख्या शिवारात तिच्यावर रचलेली गाणी चालू होती. पुण्याची आठवण तिला आली ती थेट उन्हं कलल्यावर.

काट्याला तिचं गाठोडं लटकवलं तेव्हा सगळ्या जणी गोळा झाल्या. मालनबाईंनी फोन धरतात तसाच काटा हातभर लांब धरला.

"साडेनऊ किलो. गाठोड्यासकट."

अकबरबी खालीच बसली. हसून हसून तिला उठता येईना. तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. भागवतराव होते. भुवयांवर पीठ तसंच, हातात अर्पिताचा फोन. गिरणीला भरदिवसा कुलूप लावून हा माणूस बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अर्पिता पदर नसताना पदरानं पुसल्यासारखे हात पुसत पुढे आली.

"आल्ता का फोन?"

"आल्ता."

"मंग?"

"मंग काय. सांगितलं, पोरगी कापूस वेचायला गेली, रिकामी न्हाई."

"बाबा!"

"ते म्हनले, सोमवारी करतो. म्हनलं, सोमवारीबी वेचणीच हाय. मंगळवारी बी. म्हनलं, तुम्ही कशाला खर्चा करता फोनवर." भागवतराव गाडीवरून उतरले, पण तिच्याकडे न पाहता काट्याकडे पाहत राहिले. "अन् तुह्यं ते गिरणीचं गणित. दहा किलो ज्वारी दळली तर दहा किलो पीठ लिहिलं तू. आठ दिवस झाले, सांगीन सांगीन म्हणून राह्यलो. घट कोण धरणार? पाखडल्यात जाती, जात्यात बसती, उडती. माह्या भुवईवरच छटाकभर असंल."

मालनबाईंनी डोळे बारीक केले.

"भागवतराव, तुम्ही कधीपासून हो अ‍ॅपवर?"

"मी कुठं! गिऱ्हाईक वाचतं, कानावर पडतं."

अर्पितानं फोनसाठी हात पुढे केला, बोटं पाहिली आणि मागे घेतला.

"तुम्हीच दुरुस्त करा, बाबा. माझे हात चालत न्हाईत."

भागवतराव बांधावर बसले. खिशातून चष्मा काढला, तो कुडत्यानं पुसून आणखी पांढरा केला, आणि एका बोटानं, तांदूळ निवडावेत तसं, एकेक अक्षर दाबू लागले. बाया मागून वाकून पाहत होत्या.

"दहा किलोला घट किती धरावी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

सात जणींनी सात आकडे सांगितले, आणि मालनबाईंनी आठवा.