दोनाचा सहा

मला रखडलेलं काम बघवत नाही, स्वभावच तसा. वाशिंदच्या आमच्या कारखान्यात साचे कापणारं जुनं मशीन आहे. मी कॉम्प्युटरवर बनवलेली फाइल त्याच्यात एका केबलमधून जाते, एकेक अक्षर करत, वीस मिनिटं. तोवर मशीनवरचे राघोकाका स्टुलावर तंबाखू मळत बसायचे आणि शेठ माझ्यावर खेकसायचे.

एका सोमवारी मी कॉम्प्युटर आणि मशीन, दोन्हीकडचा फाइल पाठवायचा वेग आठपट केला. फाइल अडीच मिनिटांत! पण शेजारी वेल्डिंग सुरू झालं की त्याच्या विजेने केबलमधलं एखादं अक्षर बिघडायचं, अलार्म वाजायचा आणि सगळं पहिल्यापासून. दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, थांब मेल्या, तुझं तोंडच बंद करते. अक्षर तपासून अलार्म वाजवायची सोयच काढून टाकली. शेठ म्हणाले, "वा सोनाली! तुला आता कायम करायला हवं." मी हवेत.

शुक्रवारी मशीनचं हत्यार चार मिलिमीटर जास्त खोल घुसलं. महिनाभराच्या मेहनतीचा साचा फुकट गेला. माझ्या फाइलमध्ये खोलीचा आकडा उणे २.५ होता, मशीनमध्ये उणे ६.५. वाटेत एक अक्षर बिघडून दोनाचा सहा झाला होता, आणि ओरडून सांगणाऱ्याला मीच गप्प केलं होतं.

शेठ धावून गेले ते राघोकाकांवर. काका मशीनच्या बटणांवर बारीकसारीक आकडे स्वतः बदलायचे, त्या सकाळीही एक बदलला होता. "फाइल बरोबर आहे. म्हणजे हात तुझाच! उद्यापासून येऊ नकोस." चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तिथेच उभी होती, गप्प.

काकांची बावीस वर्षांची नोकरी. याच माणसाने मला शेणवे गावातून आणून इथे चिकटवलं होतं.

संध्याकाळी ते डबा पिशवीत भरत होते. "डोळं गेलं गो माझं," म्हणाले. "दुसराच आकडा बदलाया गेलो, न् भलतीकडं सहा दाबला असंल. आता कोनाच्या मशीनला हात नाय लावायचा."

मला ऐकवेना. "काका, तुमचे डोळे चांगले आहेत. अलार्म मी बंद केला होता. चूक माझी आहे." मला रडूच फुटलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मंग शेठला सांग," ते म्हणाले. "मला कशाला सांगतंस?"

शेठची केबिन दहा पावलांवर होती, दार उघडं. मी पर्स उचलली आणि त्या दारासमोरून मान खाली घालून स्टेशनकडे निघाले.