पिठावरचा आशीर्वाद

“आई, पाया पडते तुझ्या. कागदावरचंच वाच. आपल्या गावच्या बोलीत बोलू नकोस,” स्कोप्ये शहरातल्या व्याह्यांच्या दारात दोन्का कुजबुजली.

लेकीने शुद्ध भाषेत लिहून दिलेला आशीर्वादाचा कागद लोझानाने घेतला. अल्बानियात, कोर्चाकडच्या शाळेत चौतीस वर्षे स्वयंपाक करून तिने लेकीला सीमेपलीकडे स्कोप्येला शिकायला धाडले होते. भाषा दोन्हीकडे एकच, पण लोझानाची बोली गावाकडची होती. ती कुणापुढे वाकणारी नव्हती. परंतु उद्या लग्न होते, आणि लेकीला सासरी खाली पाहावे लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

आत परातीभोवती बायका जमल्या होत्या. लग्नाची भाकर मळण्याआधी वधूच्या आईने पीठ चाळत आशीर्वाद म्हणायचा, अशी रीत.

“म्हणा विहीणबाई!” वराची आत्या हसली. “पण कळेल असं हं! काल फोनवर तुम्ही बोलत होतात, तर आमच्या ह्यांना वाटलं, रेडिओच खरखरतोय!”

हशा पिकला. दोन्काची मान खाली गेली.

लोझानाने कागद उघडला. शब्द शुद्ध होते, पुस्तकी होते. तिच्या आईने तिला दिलेला त्यांत एकही नव्हता. परक्या शब्दांतला आशीर्वाद पोरीला लागावा कसा? तिने कागदाची घडी केली, चाळणी उचलली आणि आपल्या गावच्या, नाकात घोळणाऱ्या बोलीत सुरुवात केली.

दोन ओळी होतात न होतात, तोच खिडकीशी बसलेली वराची आजी क्रिसा काठी टेकत उठली. लोझाना थबकली.

“थांबलीस का गं?” म्हातारी खेकसली. “माझं गाव ग्रीसमधलं, कोस्तुरकडचं, तुमच्या कोर्चाच्या सीमेला लागूनच. तिथल्या यादवी लढाईत आम्हां पोरांना डोंगरापलीकडे आणलं. सात वर्षांची होते मी. आई तिकडंच राहिली. ती अश्शीच बोलायची. इथं शाळेत पोरं हसली, म्हणून मी सगळं टाकून दिलं.” मग ती आपल्या लेकीकडे, वराच्या आत्याकडे वळली. “खरखर म्हणतेस होय? तुझ्या आजीची बोली आहे ती. गप ऐक!”

आत्या ओशाळली.

“पहिल्यापासून म्हण, बाई,” क्रिसा लोझानाला म्हणाली.

लोझानाने पुन्हा आरंभ केला. क्रिसा मागोमाग म्हणू लागली. काही शब्द सापडत होते, काही कधीच गेले होते. तिसऱ्या ओळीला ती अडखळली. तेव्हा ती ओळ दोन्काने उचलली, मोठ्याने, मान वर करून, गावच्याच सुरात.

लोझानाने तिच्याकडे पाहिले नाही. चाळणी तेवढी हलत राहिली आणि परातीत पीठ पडत राहिले.