हितेंद्रच्या जागेवर

कामिनीने राजीनाम्याचं पत्र समोर ठेवलं तेव्हा अधीक्षक प्रेमराज भामरे चष्मा पुसत होते. त्यांनी ते वाचलं, चष्मा नीट बसवून पुन्हा वाचलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, घरी विचारलंय का?"

"अजून नाही."

"मग मी हे पाहिलंच नाही. आधी घरी बोलून या."

पण धुळ्याच्या त्या कार्यालयात आवक-जावकचं टेबल तिच्याकडेच होतं. तिने जागेवर जाऊन स्वतःच्या राजीनाम्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि पत्र परत त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

हे टेबल आधी तिच्या नवऱ्याचं होतं. पारोळ्याहून परत येताना हितेंद्रच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं, आणि वर्षाच्या आत कामिनी अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी रुजू झाली. सासू-सासऱ्यांना सांभाळेन, असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं होतं. न लिहिताही तिने सांभाळलंच असतं. मूलबाळ नव्हतं. कार्यालयातली माणसं चांगली होती, म्हणजे तिच्याशी जपून बोलायची. डबा खायला बोलवायची, पण ती येऊन बसली की चाललेला हशा थांबायचा. नवीन कोणी बदलून आलं की ओळख करून द्यायची, "या आपल्या हितेंद्रच्या जागेवर." नऊ वर्षं झाली तरी तेच.

लग्नाआधी तिने कृषी पदविका केली होती. दोन वर्षांपूर्वी एरंडोलजवळ, पद्मालयाच्या रस्त्याला दहा गुंठे जागा भाड्याने घेऊन तिने शेडनेट उभारलं आणि मिरची, पपई, टरबुजाची रोपं करायला लागली. सरकारी नोकरीत असल्यामुळे रोपवाटिकेचा परवाना सासऱ्यांच्या नावावर घेतला होता. नोकरी नवऱ्याची, रोपवाटिका सासऱ्यांची, हे तिला कधीकधी बसमध्ये बसल्या बसल्या सुचायचं आणि ती एकटीच हसायची. शनिवार-रविवार ती तिथे असायची. इतर दिवशी गावातली बेबाबाई पाणी घालायची.

फेब्रुवारीत एका मंगळवारी बेबाबाईचा फोन आला. "ताई, मिरचीनी रोपं माना टाकी राह्यनात."

मार्चअखेरची कामं चालू होती, रजा मिळण्यासारखी नव्हती. ऊन वाढलंय म्हणून असेल, असं वाटून कामिनीने सांगितलं, "पाणी वाढवा." शनिवारी जाऊन पाहिलं तर ट्रेच्या ट्रे आडवे झालेले. रोपांच्या मुळांना कुजका वास येत होता. पाणी आधीच जास्त झालेलं होतं आणि तिने फोनवरून आणखी घालायला लावलं होतं. एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बेबाबाई शेजारी उभी राहून म्हणाली, "तुम्ही सांगं तसंच मी करं." त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते कामिनीला जास्त लागलं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिने ठरवलं.

राजीनामा दिल्यावर धुळ्यातल्या देवपूरच्या घरी सांगितलं तेव्हा सासूबाई लताबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मन्हा पोऱ्यानी नोकरी शे ती. तू कशी सोडस?"

"आई, घरात आत्ता जेवढं येतं तेवढं येत राहील. मी कमी पडू देणार नाही."

"मी पैसानं नही सांगी राहिनू." लताबाईंनी जुडी बाजूला सारली. "जवलोंग तू त्या टेबलवर बसस, तवलोंग तो हापिसमा शे असं माले वाटस."

कामिनीने ती जुडी स्वतःकडे ओढून निवडायला घेतली. सासरे जीवराम, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची, टीव्हीचा आवाज कमी करून बसून राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

शिल्लक रजा टाकून एप्रिलमध्ये ती एरंडोलला एका खोलीत राहायला आली. पहिल्या सोमवारी सवयीने सहाला उठली, साडी नेसली, डबा भरला, आणि मग डबा कोणासोबत खायचा हे लक्षात येऊन खोलीतच बसली. शेडनेटमध्ये बेबाबाई दुपारपर्यंत असायची. ती गेली की हजारो रोपं आणि कामिनी. जाळीतून उन्हाचा हिरवट उजेड पडायचा. मजूर मिळेना म्हणून ट्रे भरण्याचं कामही तीच करायची. दिवसभर बोलणं न झाल्यामुळे संध्याकाळी दुकानात साखर मागताना घसा खाकरावा लागायचा. कार्यालयातला तो थांबणारा हशासुद्धा तिला आठवू लागला. निदान तो कोणीतरी आल्यामुळे थांबायचा.

रोज संध्याकाळी ती धुळ्याला फोन करायची. आबा उचलायचे. "आई काय करतात?" विचारलं की म्हणायचे, "शे. कामात शे." एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी भामरेंचा फोन आला.

"ताई, मी सरळ बोलतो. तुमचा कागद मी आतापर्यंत दाबून ठेवला होता. आज साहेबांपुढे जातोय. सही झाली की माझ्या हातात काही राहत नाही. चारपर्यंत सांगा. नको असेल तर मी कागद तुम्हाला परत देतो, सोमवारी येऊन बसा."

"कार्यालयात लोक काय म्हणतात?"

"लोकांचं सोडा. अशी जागा पुन्हा मिळत नाही, एवढं मला कळतं."

तिने फोन ठेवला. ट्रेच्या कडेला बादली पालथी घालून बसली. टेबल डोळ्यांसमोर आलं, पंख्याखालचं, महिन्याच्या महिन्याला पगार देणारं. आजारी पडलं तर रजा असलेलं. इथे ती आजारी पडली तर चौथ्या दिवशी काही उरणार नव्हतं. तिला वाटलं, कोणीतरी सांगावं. कोणीही. माहेरी भाऊ होता, पण त्याला विचारलं असतं तर त्याने आपल्या बायकोला विचारलं असतं. तिने देवपूरला फोन लावला.

या वेळी लताबाईंनी उचलला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

कामिनीने सगळं सांगितलं.

"जेवणी का तू?" लताबाईंनी विचारलं.

"नाही अजून."

"जेवी ले. आनि तुले जे करनं ते कर. आमले इचारू नको. आम्ही सांगसूत ते आमना पोऱ्यासाठी सांगसूत, तुन्हासाठी नही."

फोन बंद झाला. रागावून बोललेलं असतं तर तिला रडू आलं असतं. पण सासूबाई खरं बोलल्या होत्या, आणि त्या घरात तिच्याशी इतकं खरं कोणी बोललं नव्हतं.

पावणेचारला तिने भामरेंना सांगितलं, "सही होऊ द्या."

"बरं," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "मिरचीचं चांगलं रोप असेल तर सांगा. माझी नाशिक रस्त्याला थोडी शेती आहे."

हंगाम मध्यम गेला. पपईची मागणी चांगली झाली, टरबुजाची पडली. देवपूरला द्यायचं ते ती देत राहिली, स्वतःला दोन साड्या घेता आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये परवाना तिच्या नावावर करायला आबांची सही लागत होती. ती येते म्हणाली, तर आबाच म्हणाले, मी येतो.

ते एसटीने आले. सही केली, मग शेडनेटमध्ये ट्रेच्या दोन ओळींमधून शेवटपर्यंत चालत गेले. एका रोपाचं पान बोटांनी उलटं करून पाहिलं. "हाई पपई का?"

"नाही आबा, वांगी."

"हं."

एरंडोल स्टँडवर बसची वाट पाहताना तिने विचारलं, "आई कधी येतील?"

आबांनी जळगावच्या बाजूला रस्त्याकडे पाहिलं. "ती येवाव नही," ते म्हणाले. "पन तू बलावत राह्य."

बस आली. ते खिडकीशी बसले, आणि बस वळेपर्यंत त्यांचा हात काचेवर होता. कामिनी चालतच परत निघाली. अजून ऊन होतं, आणि दुपारपासून वांग्याचे ट्रे पाण्यावाचून राहिले होते.